तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला उपास का करू देत नाही?

हळदीकुंकवाला, शाळेच्या गेटवर, आणि श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीचा विषय निघाला की हमखास: "एवढी धडधाकट मुलगी, एक दिवस उपाशी राहिली तर काय होतं हो?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न: "आणि खोबरेल तेल का चालत नाही? ते तर हल्ली लोक कॉफीत घालून पितात." आजवर "पित्ताचा त्रास आहे" म्हणून मी वेळ मारून नेली. आता कंटाळा आलाय.

तिच्यात एमकॅड नावाचं, चरबी तोडणारं एक एन्झाइम नीट काम करत नाही. एवढं सांगितलं की लगेच, "मग तूप बंद करा ना." नाही हो. तूप चालतं, शेंगदाण्याची चटणी चालते, मिसळ तर ती माझ्यापेक्षा जास्त हाणते. तिला चालत नाही ते पोट फार वेळ रिकामं राहणं.

उपाशीपोटी आपलं शरीर आधी यकृतातली साठवलेली साखर वापरतं, ती संपत आली की चरबीकडे वळतं. चरबीतल्या आम्लाची साखळी साधारण सोळा-अठरा कार्बनची. पेशीतलं ऊर्जाघर, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, दर वेळी दोन कार्बन तोडतं: सोळा, चौदा, बारा. कुठल्या लांबीला कुठलं एन्झाइम हे ठरलेलं असतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जिन्यासारखं समजा. वरच्या पायऱ्या शाबूत, खालच्या शाबूत, मधल्या तेवढ्या कुजलेल्या. बारापासून सहापर्यंतच्या मधल्या पायऱ्या एमकॅडच्या. तिची चरबी तिथे, विशेषतः आठ कार्बनवर, अडकते. मग ना पुरेशी ऊर्जा, ना साखर घटल्यावर मेंदू ज्यावर चालतो ते किटोन. नवी साखर बनवायला यकृताला जी ऊर्जा लागते तीही नाही.

खोबरेल तेलात अशी मधल्या लांबीची आम्लं भरपूर. त्यांचंच निवडक तेल, एमसीटी ऑइल, म्हणजे मुख्यतः आठ आणि दहा कार्बनचीच आम्लं. ती आतड्यातून सरळ यकृतात जातात, आणि लांब साखळीला मायटोकॉन्ड्रियात शिरायला कार्निटाइन नावाच्या वाहकाचा जो परवाना लागतो तो यांना बहुतेक लागत नाही. जिमला जाणाऱ्या माझ्या भाच्याला म्हणून ते आवडतं. हिच्या बाबतीत ते थेट कुजलेल्या पायरीवर येऊन पडतं. आमटीत खवलेल्या ओल्या नारळाला डॉक्टरांनी मना केलेलं नाही, तेलाला आणि एमसीटीच्या पावडरींना केलंय.

हे मला कसं कळलं, तेही विचारता. सांगते.

ती तीन वर्षांचीही नव्हती. घरात साथ होती, तिला दुपारपासून उलट्या. रात्री दोन घास घेतले नि ओकून टाकले. सासूबाई म्हणाल्या, "झोपू दे गं लेकराला, पोटाला आराम मिळेल." मलाही तेच वाटलं. कुठल्याही आईला वाटेल. पहाटे मी तिला हलवलं तर मान लटकली. डिसेंबरची थंडी, आणि तिचा सदरा घामाने चिंब. इंदिरानगरहून रिक्षात बसलो तेव्हा मी तिच्या तळव्यांवर नखं रोवत होते, तिने पाय ओढून घ्यावा म्हणून. ओढला नाही.

पहिल्या दवाखान्यात "डिहायड्रेशन आहे" म्हणून साधं सलाईन लावायच्या बेतात होते. ग्लुकोमीटरवर आकडाच आला नाही, नुसतं 'लो'. मग धावपळ, शिरेतून ग्लुकोज. ती डोळे उघडेपर्यंत किती वेळ गेला ते मी मोजलं नाही, आणि कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही.

तिथे एक शिकाऊ डॉक्टर होती, रात्रपाळी संपत आलेली. तिने लघवीची पट्टी बाटलीत बुडवून दिव्याखाली धरली. किटोनचा चौकोन जांभळा व्हायला हवा होता. तो बिस्किटाच्या रंगाचा होता, तसाच राहिला. तिने दुसरी पट्टी घेतली. तीही तशीच. "साखर इतकी खाली आणि किटोन नाहीत? ताई, हे बसत नाहीये." मोठ्या डॉक्टरांनी तिला उडवून लावलं. तिने तरीही गाळणकागदावर रक्ताचे थेंब घेऊन मुंबईला पाठवायला लावले. टॅंडेम मास नावाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, त्यात कार्निटाइनला चिकटलेल्या आठ कार्बनच्या आम्लाचा आकडा भलताच वर. पुढे जीनच्या तपासणीने शिक्कामोर्तब केलं. अनेक देशांत जन्मतःच टाचेतून रक्त घेऊन हे बघतात. आपल्याकडे सरसकट नाही.

"कुणाच्या घराण्यातून आलं?" हा पुढचा प्रश्न, आवाज खाली आणून. दोन्ही. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन बिघडलेल्या प्रती लागतात. आम्हा दोघांना कधी काही झालं नाही, होणारही नाही. जाऊबाईंना मुलांची तपासणी करा म्हटलं तर त्यांनी विषय बदलला.

नंतर मी वेड्यासारखी वाचत सुटले. आपलं शरीर चरबी बनवताना दोन-दोन कार्बन जोडत सोळावर थांबतं. नारळात एक एन्झाइम बाराच्या आसपासच साखळी तोडून घेतं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका झाडाचं असलं एन्झाइम मोहरीच्या कुळातल्या रोपात घातलं, तर त्याच्या बियांतही बारा कार्बनचं आम्ल साठायला लागलं. शेळीच्या दुधात सहा-आठ-दहाची भर असते, म्हणून "पचायला हलकं" म्हणत ते आणून देणाऱ्यांना मी परत पाठवते. आणि आईच्या स्तनातही साखळी लवकर तुटते. म्हणजे दहा-बारा कार्बनची ती आम्लं माझ्याच दुधात होती. दर दोन तासांनी पाजत होते म्हणून निभावलं.

मुजफ्फरपूरची लिचीची बातमी आठवते? २०१४ च्या तपासात दिसलं की लिचीतलं विष चरबी तोडणारी याच कुळातली एन्झाइमं अडवतं. आणि रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका जास्त. ते वाचल्यावर "एक दिवस उपाशी" हे शब्द मला हसून ऐकता येत नाहीत.

आता खरं सांगायचं तर उपासाशी माझं भांडण नाहीच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, हिच्यासाठी उत्तमच. एकादशी तिने खुशाल करावी. निर्जळी नको, आणि ताप-उलट्यांत तर घटकाभरही चालढकल नको. तेव्हा घरात ग्लुकोजचं पाणी, ते पोटात ठरलं नाही तर सरळ दवाखाना आणि शिरेतून ग्लुकोज. डॉक्टरांचं पत्र दप्तराच्या आतल्या कप्प्यात असतं.

मग बरी असताना मी रात्री उठून तिला दूध का पाजते? डॉक्टर म्हणतात, या वयात बारा तास चालतात. मला ते कळतं. तेव्हाची मी म्हणते, पहाटे मान लटकली होती. आताची मी म्हणते, तेव्हा ती आजारी होती, आज नाही. दोघींचं पटत नाही, आणि गजर काही बंद होत नाही.

यंदा तिला मैत्रिणींबरोबर हरितालिका करायचीय. "फराळ करून धरते ना, मग काय बिघडतं?" म्हणाली. विज्ञानाच्या हिशेबाने तिचं बरोबर आहे. मी नाही म्हटलं. तिने कारण विचारलं, आणि मी तिला पित्ताचंच सांगायला निघाले होते. पुढच्या वेळी डॉक्टरांना ती स्वतःच विचारणार आहे म्हणे.