टीबी नव्हता, मग फुप्फुस का कापलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. छातीच्या ऑपरेशन थिएटरात मी सिस्टर आहे. बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मागे केज तालुक्यातल्या एका काकूंच्या मुलानं विचारला: "सिस्टर, टीबी तर गोळ्या खाऊन बरा होतो म्हणतेत. मग मायला टीबी नसताना फुप्फुस का कापायलेत?"

काकू ऊसतोडीला जाणाऱ्या. बारा वर्षांपूर्वी टीबी झाला, कोर्स पूर्ण केला, बऱ्या झाल्या. पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पोकळी राहून गेली. पुढे खोकल्यातून रक्त पडायला लागलं. एक्स-रेवर डाग दिसला आणि थुंकीत जंतू न सापडताच पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने झाले तरी रक्त थांबेना. सीटी स्कॅनमध्ये पोकळीत एक गोळा दिसला, पालथं झोपवलं की जागा बदलणारा. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा गोळा.

मी मुलाला म्हटलं, "बाळा, औषध रक्तातून पोचतं. त्या बुरशीच्या गोळ्यात रक्तवाहिनीच नाही, मग औषध जाणार कुठून?" पोकळीच्या भिंतीतून मोठा रक्तस्राव झाला तर जिवावर बेततं, म्हणून तेवढा भाग काढायचा. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी काढलेला भाग बाजूच्या टेबलावर चिरला. आतून भिजलेल्या सरकीच्या पेंडीसारखं, बोटानं भुगा होणारं मातकट ढेकूळ निघालं.

प्रत्येकाची छाती उघडावी लागत नाही. माती-पाण्यात राहणारे टीबीच्या भावकीतले जंतू असतात, त्यांना एनटीएम म्हणतात. स्लाइडवर ते हुबेहूब टीबीसारखे लाल काड्यांसारखे दिसतात. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी मशीनवरची तपासणी, मात्र 'टीबी नाही' सांगते. त्यांच्यावर आधी औषधंच, आणि थुंकी स्वच्छ झाल्यावरही साधारण 12 महिने. औषधांनी भागलं नाही, आजार एकाच भागात असला आणि उरलेल्या फुप्फुसात दम असला, तरच ऑपरेशन.

कधीकधी थुंकी, दुर्बीण, सगळं करूनही निदान होत नाही. मग तुकडा काढून तपासतात. इथं एक गोष्ट मी जीव तोडून सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका रुग्णालयात असा अख्खा तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या रसायनात, गेला. बाटली माझ्याच हातात होती. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, होत नाही. रिपोर्ट आला, 'टीबीसारखी सूज'. नेमका कोणता जंतू, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या माणसानं छातीवर टाके सोसले आणि गोळ्या अंदाजानंच खाल्ल्या.

आता चीर देण्याआधीच मी दोन बाटल्या मांडते: एक फॉर्मलिनची, एक नुसत्या सलाइनची. सलाइनच्या बाटलीवर 'टीबी, एनटीएम आणि बुरशी कल्चर' असं स्वतः लिहिते. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. तुमच्या माणसाचा तुकडा तपासायला जाणार असेल, तर आधीच विचारा: "सलाइनमध्ये पण ठेवणार ना?"