लिस्बनला पगार द्यावा लागतो

सोमवार, रात्रीचे साडेदहा. आई झोपली. उद्या सकाळी सहाचं विमान, म्हणजे साडेतीनला उठायचं, म्हणजे मीही आता झोपायला हवं. पण आज लिहिलं नाही तर आइंडहोवनला पोचल्यावर कपडे धुण्यात आणि ऑफिसच्या मेल्समध्ये सगळं विरून जाईल.

आधी माझा गाढवपणा. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमोसचा मठ सोमवारी बंद असतो. तीन आठवडे मोबाइलवर यादी करत होते, किती वाजता कुठे, कुठल्या ट्रामने, आणि नेमकं हेच बघायचं राहिलं. बेलेंपर्यंत गेलो तर दार बंद. आत वास्को-द-गामाची कबर आहे. माणूस 1524 साली कोचीत वारला, तिथेच पुरला आणि मग त्याची हाडं इकडे आणली. वसईच्या माणसाने हे बघायलाच हवं, असं मी आईला दोन दिवस ऐकवत होते. तिने बाहेरचं कोरीव काम मान वर करकरून बघितलं. मिरीमसाल्याच्या व्यापारावर कर बसवून हे बांधलं, असं सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे आपल्याच मिरीचं की. चल, चहा कुठे मिळतो बघ."

चहा नव्हता. पण मठाजवळच 1837 पासून चाललेलं ते पेस्ट्रीचं दुकान आहे, भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा लावलेलं. कस्टर्ड भरलेले गरम टार्ट, वरून दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवायची. मठात कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं म्हणून अशा मिठाया निघाल्या, अशी गोष्ट सांगतात. आईला ती लगेच पटली. उरलेल्याचं काहीतरी करणं यावर तिचा एकूणच विश्वास आहे. चार खाल्ले आम्ही. दोघींत. (बाबांना फोनवर दोन सांगितले.)

शनिवारी उतरल्या उतरल्या कार्मोला गेलो होतो. हा 1389 सालचा मठ, टेकडीवर. 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला तो सगळ्या संतांच्या सणाचा दिवस, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग समुद्र आत आला, मग आग. या चर्चचं छप्पर तेव्हा गेलं ते पुन्हा घातलंच नाही. आता दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "अगं, हा तर आपला किल्ला!"

खरंच तसंच. वसईच्या किल्ल्यातली चर्चं अशीच बोडकी आहेत. आपल्याकडे भिंतींतून पिंपळ उगवलेत आणि लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, इथे तिकीट आहे आणि गवत कापलेलं आहे, एवढाच फरक. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली ती 1739 ला, लिस्बनच्या भूकंपाच्या 16 वर्षं आधी. आम्ही बाहेर बाकावर बसलो असताना कुठेतरी घंटा वाजली. आईला भीमाशंकरच्या देवळातली घंटा आठवली, तीही वसईहून नेलेली. मग बराच वेळ ती शाळेच्या सहलींबद्दल बोलत होती. माझ्या यादीतल्या पुढच्या दोन जागा त्यात गेल्या आणि मला तेव्हा त्याचा राग आला होता, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

28 नंबरची ट्राम: तीन भरून गेल्या, आम्ही नाद सोडला. आल्फामा, म्हणजे टेकडीवरची जुनी वस्ती, चालतच चढलो. त्या गुळगुळीत दगडी फुटपाथांवर आईचा हात सोडायची सोय नाही.

रविवार खाण्यात गेला. सकाळी एका वाणसामानाच्या दुकानात शिरलो आणि वासानेच आई थांबली. बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. फळीसारखे कडक मासे एकावर एक रचलेले. "सुकटीचा बाजार गं हा!" हा मासा मुळात इथल्या पाण्यातला नाहीच, नॉर्वे-आइसलँडकडून येतो, आणि शिजवण्याआधी दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजत ठेवतात. मीठ कितपत उतरतं, हे आईला दुकानदाराला विचारायचं होतं. मी तिला ओढून बाहेर काढलं. विचारू द्यायला हवं होतं.

दुपारी तोच मासा ताटात आला, तो 'ब्राश' पद्धतीचा: माशाचा चुरा, कांदा, तळलेल्या बटाट्याच्या बारीक सळ्या, सगळं अंड्यात परतलेलं, वर काळे ऑलिव्ह. आईचा निकाल: "भुर्जीत चिवडा घातलाय. पण छान घातलाय." मेन्यूवर तिने बोट ठेवून 'बटाटा' वाचलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची माणसंही हसली. मग तो खेळच झाला. पाव त्यांचा, कोबी त्यांचा, काजू त्यांचा. घरमालकिणीने चावी देताना जो शब्द उच्चारला तोही चावीच, फक्त तिकडे तिचा 'शाव' होतो. आणि पगार! पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणे. आपल्याकडे तो मिळतो, इथे द्यावा लागतो.

तो आम्ही दिलाही, जास्तीचा. जेवण मागवायच्या आधीच वेटरने पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवलं होतं. आईचा नियम साधा: वाढलंय म्हणजे खायचं. बिलात प्रत्येकाचे वेगळे पैसे. हात लावला नसता तर पडले नसते. "पाहुण्याला पाणी विचारल्यासारखं ठेवतात आणि मग मोजतात?" हे ती आज संध्याकाळपर्यंत तीनदा म्हणाली.

परतताना एका बेकरीच्या काचेत तिकोनी समोसे दिसले. नाव शामूसा, आत खिमा. गोव्याहून आणि मोझांबिकहून इकडे आलेल्या माणसांबरोबर ते आले आणि इथल्या काउंटरवर बाकीच्या तळणीत मिसळून गेले. कुणाला त्यात काही नवल वाटत नाही. आईने मात्र उभ्या उभ्या दोन खाल्ले आणि मसाल्याला जरा कमी मार्क दिले.

आज मठाने दगा दिल्यावर (दगा कसला, चूक माझीच) नदीकाठी भटकलो. गाडीवर चेस्टनट भाजत होते, धुराचा लोट. कागदाच्या पुड्यात गरम गरम डझनभर. आईने एक सोलून तोंडात टाकला, थांबली, दुसरा सोलला. "आठळ्या," म्हणाली. चुलीतल्या राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, अगदी तीच चव, जरा गोडसर. पुडा हातात धरून आम्ही तासभर बसलो. बेलेंचा बुरूज समोरच होता. आत गेलो नाही.

आत्ता बॅग भरताना तिच्या रुमालात बांधलेले सहा सापडले. उद्या घरी गेल्यावर कोलंबीच्या सुक्यात घालून बघायचेत म्हणे.