ग्रह ताऱ्याआड जातो तेव्हा

जंबूक तारकासमूहातला डंबेल तेजोमेघ ज्यांनी दुर्बिणीतून पाहिला आहे, त्यांच्या नजरेखालून एचडी १८९७३३ हा तारा बहुधा नकळत गेलेला असतो, कारण दोघांमधले अंतर अर्ध्या अंशाहूनही कमी आहे. त्याची प्रत (तेजस्वितेचा अंक; तो जितका मोठा तितका तारा मंद) सुमारे ७.७ असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, द्विनेत्रीतून मात्र सहज सापडतो. आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ताऱ्याभोवती गुरूहून किंचित मोठा असा एक वायुग्रह दर २ दिवस ५ तास १५ मिनिटांनी एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. २००५ साली सापडलेल्या या ग्रहाचा, म्हणजे एचडी १८९७३३ बी चा, मी गेली काही वर्षे पाठपुरावा करीत आहे, आणि त्यामागे एक साधे भौगोलिक कारणही आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या अक्षांशावरून हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे त्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून आपल्यापर्यंत पोहोचतो.

ग्रहाची कक्षा आपल्याला कडेने दिसते. म्हणून प्रत्येक फेरीत तो एकदा ताऱ्यासमोरून जातो, ते अधिक्रमण. आणि एकदा ताऱ्यामागे दडतो, ते पिधान. अधिक्रमणात ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.४ टक्क्यांनी घटतो. ही घट म्हणजे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या चकत्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर असल्यामुळे तिचे वर्गमूळ काढले की त्रिज्यांचे गुणोत्तर मिळते. ते येथे सुमारे ०.१५५ येते, आणि ताऱ्याची त्रिज्या ठाऊक असल्यास ग्रह गुरूच्या सुमारे १.१३ पट असल्याचे ठरते. प्रकाशाच्या आलेखातला हा खड्डा सपाट तळाचा नसतो. ताऱ्याची चकती मध्यभागी अधिक तेजस्वी आणि कडेला मंद असल्यामुळे खड्ड्याचा तळ वाडग्यासारखा गोलसर होतो, आणि त्यातच एखादा डाग ग्रहाखाली आला तर तळावर बारीकसा उंचवटा उमटतो. हा तारा डागांच्या बाबतीत पुरेसा खोडकर असल्यामुळे खोलीचा आकडा काढताना त्याची दखल घ्यावीच लागते.

२.४ टक्के म्हणजे प्रतीच्या भाषेत सुमारे ०.०२६. सहा इंची परावर्ती दुर्बीण, आकाशाच्या गतीने फिरणारे बैठे आणि जुना डीएसएलआर कॅमेरा एवढ्या सामग्रीत ही घट पकडता येते. अट एवढीच की ताऱ्याचा प्रकाश एकट्याने न मोजता त्याच चौकटीतल्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहावा. वरून विरळ ढगाचा पापुद्रा गेला, तर लक्ष्यतारा आणि तुलनातारे जवळपास सारखेच मंदावतात आणि त्यांच्या गुणोत्तराला फारसा धक्का लागत नाही. दुर्बीण मुद्दाम थोडी अस्पष्ट ठेवावी लागते. तारा सुईच्या टोकासारखा रेखीव ठेवला, तर कॅमेऱ्याच्या मोजक्या पेशींवर सगळा भार येतो आणि बैठ्याच्या बारीक हालचालीने मोजणी चुकते. सुंदर छायाचित्रे काढणाऱ्या मित्रांना माझ्या चौकटी दाखवण्याची सोय नाही, कारण त्यांत सगळे तारे फुगलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात.

आमच्याकडे हा उद्योग पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. तोवर तारा संध्याकाळीच माथ्यावर आलेला असतो, त्यामुळे रात्रीच्या पहिल्या प्रहरात बसणारे अधिक्रमणच उपयोगाचे, आणि ते साधारण नऊ ते अकरा दिवसांनी एकदा येते. पऱ्हाटी कमरेला लागलेली असते, आणि रानडुकरांच्या भीतीने जागलीला आलेली मंडळी आजूबाजूच्या वावरांत असतातच. ओलिताची लाइट रात्री आली की कुणाच्या तरी विहिरीवरचा बल्ब एकाएकी पेटतो, आणि दुर्बिणीच्या नळीला काळे कापड गुंडाळण्याची धावपळ होते. उत्तररात्रीचे दहिवर हा दुसरा शत्रू. सुदैवाने या ग्रहाचे अधिक्रमण सुमारे पावणेदोन तासांतच आटोपते. शेजारच्या वावरातले काका एकदा लॅपटॉपच्या पडद्यावरचे ठिपके बराच वेळ न्याहाळत होते. शेवटी ते म्हणाले, "थो ग्रह दिसतच नाई म्हन्ता, त मंग पाह्यता काय, सर?" या विषयातला इतका नेमका प्रश्न मला व्याख्यानानंतरच्या चर्चेतही क्वचितच ऐकायला मिळाला आहे. ताऱ्याचा आणि ग्रहाचा एकत्र उजेड मोजायचा आणि त्यातल्या चढउतारांवरून ग्रह ओळखायचा, एवढेच आम्ही करतो. वर्तमानपत्रांत छापून येणारी निळी-केशरी चित्रे चित्रकारांची असतात.

अधिक्रमणावरून ग्रहाचा आकार कळतो, परंतु त्या वेळी आपल्याकडे त्याची रात्रीची बाजू असते. त्याचा तळपता दिवस पाहायचा असेल, तर पिधानाची वाट पाहावी लागते. कक्षा वर्तुळाकार असल्यामुळे पिधानाचा मध्य अधिक्रमणाच्या मध्यानंतर २६ तास ३७ मिनिटांनी येतो. म्हणजे शनिवारी रात्री आठला अधिक्रमणाचा मध्य गाठला असेल, तर रविवारी साडेदहा वाजून गेल्यावर ग्रह ताऱ्याच्या ऐन मागे असतो. प्रत्यक्षात त्यात आणखी सुमारे अर्ध्या मिनिटाची भर पडते, कारण ताऱ्यापलीकडे गेलेल्या ग्रहाच्या प्रकाशाला कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडून यावे लागते. पिधानाच्या आधी तारा आणि ग्रहाची दिवसाची बाजू यांचा प्रकाश मिळून येतो, आणि पिधान चालू असताना केवळ ताऱ्याचा. या दोहोंची वजाबाकी म्हणजे ग्रहाचा स्वतःचा उजेड.

ही वजाबाकी दृश्य प्रकाशात फारच क्षुल्लक असते. युरोपीय अवकाश संस्थेच्या कीऑप्स दुर्बिणीने याच ग्रहाच्या पिधानाची खोली दहा लाखांत सुमारे २५ भाग एवढी मोजली, आणि त्यावरून निघालेला परावर्तनाचा अंक ०.०८ च्याही किंचित खाली आला. ग्रह बराच काळा आहे. त्याआधी २०१३ साली हबल दुर्बिणीच्या मोजणीत जांभळ्या-निळ्या टोकाला मात्र परावर्तन पुष्कळ जास्त आढळले होते, आणि ग्रहाचा रंग गडद निळा असल्याचा निष्कर्ष त्यातूनच निघाला. येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०१९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कीऑप्सचा आरसा जेमतेम ३० सेंटिमीटरचा आहे, म्हणजे तेवढ्या मापाची दुर्बीण बाळगणारे हौशी निरीक्षक आपल्याकडेही आहेत; तरीही त्यांना ही मोजणी जमणार नाही, कारण खालून पाहणाऱ्याच्या डोक्यावर थरथरणारी हवा असते आणि कीऑप्सच्या डोक्यावर ती नसते.

अवरक्तात चित्र पालटते. तेथे तारा तुलनेने मंद होतो आणि तापलेला ग्रह स्वतःच्या उष्णतेने चमकतो, त्यामुळे ८ मायक्रॉनच्या तरंगलांबीला हीच खोली सुमारे ०.३४ टक्क्यांपर्यंत जाते. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने या ग्रहाकडे सलग ३३ तास पाहिले आणि २००७ साली त्या निरीक्षणांवरून ग्रहाच्या तापमानाचा ढोबळ नकाशा तयार झाला: सर्वांत उष्ण भाग सुमारे ९४० अंश सेल्सियस, सर्वांत थंड भाग सुमारे ७००. हा ग्रह ताऱ्याकडे सदैव एकच बाजू करून फिरतो असे मानले जाते, तेव्हा रात्रीची बाजू पार गारठलेली असायला हवी होती. ती इतकी उष्ण आहे याचा अर्थ वारे दिवसाची उष्णता पलीकडे वाहून नेतात.

त्याहून मार्मिक गोष्ट अशी, की प्रकाशाचा उच्चांक पिधानाच्या ऐन वेळी न येता थोडा आधीच येतो, म्हणजे सर्वांत उष्ण जागा ताऱ्याच्या थेट खाली नसून पूर्वेकडे सरकलेली आहे. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य बाराच्या सुमारास माथ्यावर येतो, आणि अंगाची खरी लाही तीन-साडेतीनला होते. त्या ग्रहावर दिवस पुढे सरकत नसला, तरी पूर्वेकडे वाहणाऱ्या हवेच्या झोताच्या दृष्टीने घडते तेच: तो मध्यान्हाखालून जाताना तापू लागतो आणि पुढे दुपारच्या भागात पोहोचल्यावर त्याचे तापमान शिगेला जाते. पिधान सुरू होताना ताऱ्याची कड ग्रहाची चकती पट्ट्यापट्ट्याने झाकत जाते आणि संपताना तशीच उघडत जाते; त्या काही मिनिटांतल्या घटीचा आकार तपासून अभ्यासकांनी हा सरकलेला उष्ण भाग वेगळ्या वाटेनेही पडताळून पाहिला.

एकाच ग्रहावर विसंबून सर्व उष्ण गुरूंविषयी, म्हणजे ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्या अशा तापलेल्या वायुग्रहांविषयी, बोलणे मात्र धाडसाचे ठरेल. साडेएकोणीस तासांत फेरी मारणाऱ्या वॅस्प-४३ बी या ग्रहाची जेम्स वेब दुर्बिणीने केलेली मोजणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दिवसाची बाजू सुमारे १,२५० आणि रात्रीची सुमारे ६०० अंश निघाली. एवढ्या मोठ्या तफावतीचे कारण रात्रीच्या बाजूवरचे दाट ढग असावे, असे तिथल्या अभ्यासकांचे मत आहे. भारताने २०१९ साली 'संतमस' असे नाव दिलेला एचडी ८६०८१ बी हाही ताऱ्याला चिकटून फिरणारा असाच ग्रह; पण तो ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे त्याची त्रिज्या मोजण्याची ही वाटच बंद आहे.

पिधान आमच्या वावरातून मोजता येणार नाही, हे मी स्वीकारले आहे. अधिक्रमणाच्या मध्याची वेळ मात्र दोन-तीन मिनिटांच्या आत ठरवता येते, आणि तिचा उपयोग होतो. प्रदक्षिणाकाळात एका सेकंदाची चूक असेल, तर अशा ग्रहाच्या बाबतीत वर्षभरात ती सुमारे १६५ सेकंदांपर्यंत साचते, आणि मोठ्या दुर्बिणीचा महागडा वेळ ठरवताना ही साचलेली चूक नडते. परताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची वातावरणे अभ्यासण्यासाठी आखलेल्या युरोपच्या एरियल या अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेच्या तयारीसाठी चालणाऱ्या एक्सोक्लॉक उपक्रमात हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी घेतल्या जातात. एचडी १८९७३३ बी चे वेळापत्रक इतके पक्के आहे की माझ्या नोंदीने त्यात फारसा फरक पडत नाही; त्याचा तारा माझ्यासाठी सरावाचा आहे. म्हणून या हिवाळ्यात अकराव्या प्रतीपर्यंतचे, ज्यांच्याकडे अलीकडे फारसे कुणी पाहिलेले नाही असे तारे निवडले आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक चौकटीचा अवधी वाढवावा लागेल, आणि सहा इंची आरशाला ते कितपत झेपते हे तूर निघेपर्यंत कळेल.