आमची वाटचाल : लग्नपत्रिकांपासून लाडक्यांच्या स्कार्फपर्यंत

आज आम्ही घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या अंगावरची नक्षी घेऊन रेशमी स्कार्फ करतो, पण आमचं मूळ काम स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे जाळीदार कापडातून शाई दाबून छपाई करायचं. पुण्यात नारायण पेठेत जिन्याखालच्या खोलीत वडिलांनी टेबल टाकलं, तेव्हापासून पत्रिका, कापडी पिशव्या आणि गणेश मंडळांचे टी-शर्ट यांवर घर चाललं. सागवानी फ्रेमवर बोल्टिंग कापड, म्हणजे छपाईची ती बारीक जाळी, ताणलं की वडील त्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचे. आवाज बसका आला तर खिळे उपटून पुन्हा ताणायचं. त्यांचा लाकडी मुठीचा स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, अजून माझ्याकडे आहे. रबर कितीदा बदललं असेल, मूठ तीच. रबराची धार सँडपेपरवर घासून सरळ ठेवावी लागते, नाहीतर शाई एका बाजूला जाड बसते. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती मोबाइलकडे बघतात. असो. पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या, ते सगळ्याच प्रेसवाल्यांचं झालं.

स्कार्फचं काम आणलं सहकारनगरच्या काकूंनी. बँकेतून निवृत्त झालेल्या, घरात एक गावठी कुत्री, अंगावर काळे-तपकिरी पट्टे. पाकीटभर फोटो टेबलावर ओतून म्हणाल्या, “हिचं गळ्यात घालता येईल असं काहीतरी कर.” मी म्हटलं, चेहरा छापून देतो. “चेहरा कशाला? तो घरी बघतेच की रोज!”

मग पाठीवरचे पट्टे ट्रेस केले, मोडलेला कान वेगळा काढला, शेपटीचा बाक किनारीला फिरवला. रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, सरळ लावला तर नक्षीच्या रांगा पडतात आणि स्कार्फ बाथरूमच्या टाइल्ससारखा दिसतो. शेजारची ओळ अर्ध्याने खाली सरकवायची, हाफ ड्रॉप, मग सांधा सापडत नाही. ९० बाय ९० सेंटीमीटरचा चौकोन तिरका दुमडून गळ्यात घेतला की मधला भाग जातो मानेमागे. तरीही लोक मधोमध थोबाड छापतात! जे दाखवायचं ते कोपऱ्यांत हवं.

रेशमी क्रेपवर ॲसिड शाई, म्हणजे रेशमावर धरणारी शाई, मग रंग पक्का करायला वाफ, मग धुणं. कापड धुताना आटतं, ते धरून फाइल आधीच वाढवून द्यायची. वाफेआधी छपाई मळकट दिसते. काकूंनी नेमका तोच तुकडा पाहिला आणि तोंड वाकडं केलं. वाफेनंतर रंग उघडला, तेव्हा बहिणींसाठी आणखी दोन सांगून गेल्या. किनार आमच्याकडे हातानेच गुंडाळून शिवतात, मशीनची पट्टी कडक बसते.

पुढची वर्षं कामं येत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग शिकायला म्हणून एक मुलगा आला. हात चांगला होता, ते नाकारत नाही. ट्रेसिंग शिकला, रिपीट शिकला आणि २०२१ च्या उन्हाळ्यात आईची तब्येत बरी नाही सांगून गेला. पावसाळ्यात त्याचं विक्रीचं ऑनलाइन पान सुरू झालं, वर फोटो आमच्याच नमुन्यांचे. माल मात्र पॉलिएस्टर सॅटिन. सब्लिमेशनच्या कागदावर, म्हणजे तापवला की ज्याच्यावरची शाई वाफ होऊन कापडात शिरते त्यावर, छापायचं, दोनशे अंशांच्या आसपास प्रेसमध्ये दाबायचं. वाफ नको, धुणं नको. पॉलिएस्टरशी माझं भांडण नाही, रंग झकास येतो. पण त्याला ‘प्युअर सिल्क’ म्हणायचं आणि आमच्या पाव दराने विकायचं?

त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन मला येऊ लागले. तुमचा स्कार्फ घामात अंगाला चिकटतो म्हणे. जो आम्ही केलाच नाही, त्याच्या शिव्या आम्ही खाल्ल्या. दिवाळीच्या ऑर्डरी रद्द झाल्या, आगाऊ रकमा परत गेल्या. कापड आधीच उचललेलं, त्यामुळे रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याचा तगादा. भाडं थकलं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. आणि त्याच सुमारास ‘तरुण उद्योजक’ म्हणून त्याचा सत्कार! स्टेजवर म्हणाला, ही कल्पना मला माझ्या मांजरीमुळे सुचली. त्याच्याकडे मांजर नव्हतं.

काकूंनी त्याचा एक स्कार्फ विकत घेतला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी कुत्रे फिरवायला निघालेल्यांना थांबवून काडेपेटी काढली. आमच्या कापडाचा धागा जळताना केस जळल्याचा वास आला, राख बोटात चुरडली. त्याचा धागा वितळून कडक मणी झाला. त्या महिन्यातली पाचही कामं त्या पार्किंगमधून आली. पाटल्या पुढच्या वर्षी सुटल्या.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर त्यातला निम्मा तपशील वाटेतच जातो. फ्लॅश मारू नका, डोळे हिरवे चमकतात. काळ्या कुत्र्याला भर उन्हात उभं करू नका. दाराशी, बाजूने उजेड येईल असं बसवा, तरच केसांची वळणं दिसतात. तुम्हीही जमिनीवर बसा. आणि धंद्यात असाल तर शिकाऊ मुलाला प्रिंट दाखवा, मूळ फाइल देऊ नका.

त्याच्या पानावर काकूंच्या कुत्रीच्या पट्ट्यांचा स्कार्फ आजही आहे, ‘आमची नवीन डिझाइन’ म्हणून. काकूंना मी ते अजून दाखवलेलं नाही. त्या काडेपेटी घेऊन निघायच्या.