नानांचा लोकरी कोट

लोकरीचा कोट शिवायचं ठरलं ते ठिणग्यांमुळे. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो, आणि द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या कराव्या लागतात. माझे सासरे, नाना, या वयातही ते काम दुसऱ्यावर सोडत नाहीत. फ्लीसच्या जॅकेटवर ठिणगी उडाली की तिथे लगेच भोक पडतं आणि भोकाची कड कडक होऊन बसते. घोंगडीला ठिणगीचं काही वाटत नाही, पण ती खांद्यावरून घसरते आणि एक हात ती सावरण्यातच अडकतो. तेव्हा लोकरच हवी होती, पण बाह्यांची.

ठिणगीचं कारण मी नीट समजून घेतलं. फ्लीस बहुतेक पॉलिस्टरचं असतं, आणि पॉलिस्टर २५०-२६० अंशांच्या आसपास वितळतं. लोकर वितळतच नाही, आणि तिला पेट घ्यायला साधारण ५७० ते ६०० अंश उष्णता लागते. लोकर म्हणजे केसच, त्यात नायट्रोजन आणि ओलावा भरपूर. ठिणगी पडली तर तेवढा ठिपका करपतो आणि विझतो. दुसरं, लोकर हवेतला दमटपणा आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांशापर्यंत शोषून घेते तरी अंगाला ओली लागत नाही, उलट शोषताना थोडी ऊब सोडते. पहाटेच्या दवात उभं राहणाऱ्या माणसाला आणखी काय हवं!

कापड शोधताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागले. बाजारात ‘वुलन’ म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं आणि सुटिंगमध्ये टेरीवूलचा, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या लोकरीचा, भरणा जास्त. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा मी कडेचे चार धागे मागून आणत होते. चिमट्यात धरून जाळले की खरं-खोटं कळतं. शुद्ध लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की जळणं थांबतं आणि राख बोटांनी चुरली जाते. ॲक्रिलिक भरभर, काळा धूर काढत जळतं. टेरीवूलला वास केसांचाच येतो, पण राखेत कडक मणी हाताला लागतात. आणखी एक खात्रीची परीक्षा म्हणजे धागा कपडे पांढरे करायच्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकून ठेवायचा. लोकर हळूहळू पूर्ण विरघळते, मागे जे उरेल ती भेसळ.

मग प्रश्न आला कोणती लोकर, आणि माझ्या मते कोटाचं यश इथेच ठरतं. सुटाचं वर्स्टेड कापड लांब तंतू विंचरून, समांतर करून कातलेल्या सुताचं असतं. ते गुळगुळीत असतं, पडतं सुंदर, क्रीझ धरतं. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडमुळे आपल्याकडच्या लग्नाच्या सुटांत तेच कापड ओळखीचं झालं. पण त्यात हवा फारशी अडकत नाही, आणि ऊब असते ती अडकलेल्या हवेत. उलट जे सूत फक्त पिंजून, तंतू आडवेतिडवे ठेवून कातलं जातं ते फुगीर होतं. ट्वीड, फ्लॅनेल, मेल्टन ही त्याची मंडळी. मेल्टन विणल्यावर पाण्यात रगडून इतकं दाट करतात की वीण दिसत नाही आणि कापलेली कडही सुटत नाही. शिवायला ते सोपं, पण वजनदार. आपल्याकडे नऊ वाजता ऊन चढलं की नाना ते काढून खुंटीला अडकवणार. फ्लॅनेल मऊ असतं, पण काट्याकुट्यात, तारेला घासून टिकणार नाही. म्हणून ट्वीडवर आले.

नणंद मनालीला जाणार होती. तिला कुलूची हातमागावरची पट्टी आणायला सांगितली. पट्टी म्हणजे तिकडचं ट्वीडच. करड्या-तपकिरी रंगाचं, हाताला किंचित रखरखीत. त्या एका रंगात जवळून पाहिलं तर पांढरा, राखी, काळपट, गंजासारखा असे कितीतरी केस मिसळलेले दिसतात. पन्ह्याला जेमतेम अठ्ठावीस इंच, म्हणून साडेचार मीटर मागवली.

कापायच्या आधी कापड आटवून घ्यायचं, हे सुतीचं आपल्याला माहीत असतं. लोकरीला बादलीत बुडवायचं नाही. तिच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगड मिळाली की ते एकमेकांत अडकतात, कापड गोळा होतं आणि पुन्हा सुटत नाही. मी जुनी सुती चादर ओली करून घट्ट पिळली, पट्टी त्यावर पसरली आणि दोन्ही मिळून सैलसर गुंडाळून रात्रभर ठेवली. सकाळी सावलीत आडवी पसरून वाळवली. आधी रंगीत दोऱ्याने पन्नास सेंटिमीटरची खूण केली होती, ती मोजली तर लांबीत दीड सेंटिमीटर आटलं होतं. हेच कोट शिवल्यावर झालं असतं तर अस्तर बाहेर लोंबलं असतं.

अरुंद पन्ह्यावर मांडणीला वेळ लागतो. घडी घालून दोन्ही पुढचे भाग एकदम कापता येत नाहीत, एकेक भाग उलगडलेल्या कापडावर मांडावा लागतो, आणि डावा-उजवा नीट उलटावा लागतो. पाठीला मी मधोमध जोड घेतला, कोटाला तो शोभतो आणि पाठीच्या बाकाला आकारही देता येतो. शिवाय लव बघावी लागते. हात फिरवून ज्या बाजूला ती बसते ती बाजू सगळ्या भागांत खालीच यायला हवी, नाहीतर उन्हात एक बाही फिकी आणि एक गडद दिसते. हातमागाची कड पटकन सुटते, म्हणून मार्जिन पाऊण इंच ठेवलं आणि कापल्या कापल्या ओव्हरलॉक करून घेतलं.

मशीनवर फार नवल नाही. सोळा नंबरची सुई, टीप जरा मोठी, दाबपट्टीचा दाब कमी. जाड कापडाचा वरचा थर पुढे सरकतो म्हणून प्रत्येक शिवणीला आधी कच्चा टाका घातलाच पाहिजे.

खरं काम शिकवलं ते नाशिकच्या एका वयस्कर कोटवाल्या मास्तरांनी. मी पुढच्या भागाला पेस्टिंगचं, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं, बकरम लावणार म्हटल्यावर त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटी-सुलटी केली.

“ताई, याच्या लवेवर पेस्टिंग धरायचं नाही. वाफ लागली की फुगे येतील. कॅनव्हास घ्या आणि हाताने बसवा. आणि घाई इस्त्रीला करू नका. लोकरीचा कोट अर्धा कात्रीवर होतो, अर्धा इस्त्रीवर.”

कॅनव्हास, म्हणजे आतून आधार देणारं कडक कापड, तिरक्या टाक्यांनी बसवतात. लेपलपाशी, म्हणजे कॉलरखाली छातीवर मागे वळणाऱ्या भागापाशी, आलं की कापड सपाट ठेवायचं नाही. डाव्या हाताच्या तर्जनीवर ते वळवून धरायचं आणि तसंच वळलेलं असताना टाके घालत जायचं. सुई ट्वीडचे एक-दोन धागेच उचलते, त्यामुळे सुलट बाजूला काही दिसत नाही. असे ओळींवर ओळी टाके घातले की लेपल आपणहून मागे वळून बसतो, दाबावा लागत नाही.

आणि मग बाही. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या गोल कापाचा, घेर एकोणीस इंच होता, बाहीच्या वरच्या गोलव्याचा साडेवीस. हा दीड इंच जास्तीचा मुद्दाम ठेवलेला असतो, खांद्याची गोलाई त्यातूनच येते. सुती कापडात एवढा झोळ चुण्या पाडल्याशिवाय बसत नाही. लोकरीत बसतो. गोलव्याच्या कडेला दोन धावदोरे घालून मी ते मुंढ्याच्या मापापर्यंत हलके ओढले, तेव्हा कड चुणीदार दिसत होती. मग तो भाग भुशाने ठासून भरलेल्या उशीवर ठेवला, वर नानांच्या जुन्या धोतराचा ओला तुकडा, आणि इस्त्री फक्त टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. ओढायची नाही. वाफ आत गेली की हात लावून बघायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वाफेला चुण्या विरू लागल्या, आणि थोड्या वेळाने कडेला एकही चुणी नव्हती. सपाट कापडाला वाटीसारखा खोलगट आकार आला होता. वाफेने केसातले आतले बंध सैल होतात आणि गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून गार होईपर्यंत कापड उचलायचं नाही. शिवणीवर तर वाफ दिली की लगेच रंधा मारलेला लाकडाचा ठोकळा दाबून ठेवायचा. लाकूड वाफ ओढून घेतं, शिवण धारदार बसते आणि कापडाला इस्त्रीची चकाकी येत नाही. इतकी वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते आहे, पण कापड हाताखाली असं आकार घेताना मी प्रथमच पाहिलं, आणि त्या दिवशी दुसरं काही शिवावंसं वाटलं नाही.

रखरखीत लोकर मानेला टोचते. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतू त्वचेला बोचतात. मेरिनो लोकर बहुतेक त्याहून बरीच बारीक असते म्हणून ती अंगालगत घालता येते, आपल्या दख्खनी मेंढीची किंवा अशा पट्टीची नाही. त्यामुळे कॉलरची आतली बाजू आणि गळ्याची पट्टी मी मऊ सुती कॉर्डरॉयची केली. बाह्यांना घसरतं रेयॉनचं अस्तर, आणि पाठीच्या अस्तराला मधोमध एक सैल चूण, नाहीतर फांदी वर उचलताना अस्तर काखेत फाटतं. काजं हाताने केली. एवढ्या जाडीवर मशीनचं काज दोरे चावून टाकतं.

नाना घालून अंगणात दोन्ही हात वर करून, वाकून, पुन्हा उभे राहून बघत होते. “काखेत ओढत नाही, पोरी,” एवढंच म्हणाले. मला त्याहून मोठी पावती नको होती. हिवाळ्यात त्यावर ठिणग्या पडल्या, बारीक काळे ठिपके उठले, मी ते ब्रशने झाडले. भोक एकही नाही.

निगा मात्र राखावी लागते. कोट धुवायचा नाही. घातल्यानंतर ब्रश करून रात्रभर हवेवर टांगायचा, लोकर वास धरून ठेवत नाही. मार्चमध्ये ठेवणीत टाकण्यापूर्वी घामाचे आणि चहाचे डाग पुसून घ्यायचे, कारण कसर आधी तिथेच लागते. दोन दिवस उन्हात, मग सुती पिशवीत, तोंड घट्ट बांधून. प्लॅस्टिकच्या पिशवीत आतला ओलावा कोंडून राहतो.

उरलेल्या तुकड्यांतून मी इस्त्रीच्या उशीला एका बाजूने खोळ शिवली. लोकर वाफ धरून ठेवते, त्यामुळे आता पुढच्या कामाला शिवण दोन्ही बाजूंनी शेकली जाते. ते पुढचं काम म्हणजे नणंदेला हवं असलेलं फ्लॅनेलचं जॅकेट, आणि त्याचं कापड आत्ता ओल्या चादरीत आहे.