लेप्टोसेरिसची वही : महिना सातवा

आधी आकडा, कारण तुम्ही तोच विचारणार. लेप्टोसेरिस या खोल पाण्यातल्या प्रवाळाचा माझा १४ मिलिमीटरचा तुकडा आज १९ मिलिमीटर भरला. सात महिन्यांत पाच मिलिमीटर! पलीकडची माँटिपोरा, दुसरं एक प्रवाळ, तेवढ्यात शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली. पण या महिन्याची खरी बातमी वेगळी आहे: केशरी रंग परत आलाय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. टाकी १२० लिटरची, घर इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये. इथलं पाणी इतकं जड की किटलीत खडू साचतो, त्यामुळे आरओशिवाय टाकीत थेंबही जात नाही. तापमान २४.५. फ्रॅग, म्हणजे हा तुकडा, प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या एका जुन्या आजोबांनी दिला, त्यांच्याच टाकीत वाढलेला. केशरी पातळ पत्रा आणि त्यावर हिरवी तोंडं. (भारतातल्या दोस्तांनो, कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला डुबकी मारून बघा, तुकडा उचलू नका.)

आता चुकीची कबुली. पहिल्याच आठवड्यात मी तो मधल्या फळीवर ठेवला, तिथे पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) ११०. शेजारी ॲक्रोपोरा हे प्रवाळ २५०वर मजेत होती, तेव्हा ११० म्हणजे सावलीच, असं मी धरून चालले. तीन आठवड्यांत कडा बिस्किटासारखी पांढुरकी. मी अल्कलिनिटी तपासली, पाणी बदललं, फॉस्फेट तपासलं, पंपाचं तोंड फिरवलं. दिवा सोडून सगळं! दिवा नवा होता ना, महागाचा होता, त्याच्यावर संशय कसा घेणार.

हा प्राणी मुळात कुठला, हे मी तेव्हा वाचायला हवं होतं. लेप्टोसेरिस हवाईएन्सिस फ्रेंच पॉलिनेशियातल्या गँबिए बेटांजवळ १७२ मीटर खोलीवर सापडलाय. पोटात शैवाल घेऊन, त्याने उजेडात बनवलेल्या अन्नावर जगणाऱ्या कठीण प्रवाळांत इतक्या खोलवरची दुसरी नोंद नाही. तिथे वरच्या उजेडाचा एक टक्काही पोचत नाही. तांबडा तर पहिल्या काही मीटरांतच संपलेला, खाली उरतो तो फक्त निळा. मला वाटलं होतं, अशा अंधारात शैवालही काहीतरी खास असणार. पण तिथल्या तुकड्यांत मुख्यतः क्लाडोकोपियम निघालं, म्हणजे उथळ पाण्यातल्या कितीतरी प्रवाळांच्या पोटात असतं त्याच कुळातलं. अशा सवयीच्या प्राण्याला मी ११० पार दाखवला. उजेड पचेना की शैवालाच्या पेशीत विषारी ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ भाडेकरूंना घराबाहेर काढतो. मग पारदर्शक कातडीतून हाडं दिसायला लागतात. ती पांढुरकी कड म्हणजे तेच.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तो तळाशी, दगडाच्या कपारीखाली हलवला. पार ३५. पांढरं थांबलं, पण सगळा पत्रा तपकिरी झाला. शिळ्या चहाचा रंग. तिसरा आणि चौथा महिना तसाच. क्लबात याला 'ब्राउन आउट' म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. मीही केलं. खरं तर तो आजारी नव्हता. उजेड कमी पडला की शैवाल स्वतःत रंगद्रव्य वाढवतं, हाती येईल तो किरण पकडण्यासाठी, आणि तो तपकिरी रंग त्याचाच. प्राणी सावरत होता, फक्त बघायला छान नव्हता.

पाचव्या महिन्यात दिव्याचं पांढरं आणि तांबडं चॅनल पूर्ण बंद केलं. फक्त निळा, पार ४०. त्यानंतर सहाव्या आठवड्यात मधल्या तोंडाभोवती केशरी वलय उगवलं, नखाच्या चंद्राएवढं. आता अर्धा पत्रा केशरी आहे.

हा रंग आपल्यासाठी नाही, हे मला उशिरा कळलं. ऐंशीच्या दशकात जर्मन संशोधक श्लिश्टर आणि फ्रिके यांनी लाल समुद्रात छोट्या पाणबुडीने खाली जाऊन लेप्टोसेरिस अभ्यासला आणि मांडलं, की प्राण्याची रंगद्रव्यं आखूड लहरींचा उजेड लांब लहरींत बदलून शैवालाला देतात. २०१७मध्ये साउदॅम्प्टनच्या गटाने, म्हणजे माझ्यापासून तासाभरावर, खोल पाण्यातल्या इतर प्रवाळांच्या तांबड्या रंगद्रव्यांवर काम केलं. निळा उजेड वरच्या थरातल्या पेशीच गिळून टाकतात. केशरी-तांबडा मात्र मांसात खोल शिरतो आणि मागच्या रांगेतल्या शैवालालाही चार घास मिळतात. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढपी पोचावा, तसं.

दुसरी बाजूही आहे. २०२२मध्ये इस्रायली संशोधकांनी दाखवलं की ही चमक भक्ष्यासाठी आमिष असू शकते. प्रयोगात आर्टेमिया, म्हणजे झिंग्यासारखे चिमुकले जीव, चमकत्या रंगाकडे पोहत गेल्या. मी घरी करून पाहिलं. माझ्या आर्टेमिया टॉर्चच्या प्रेमात पडल्या, प्रवाळाकडे एकीने ढुंकूनही पाहिलं नाही.

खायला घालणं मात्र जमलंय. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने पंप बंद करते, पिवळा चष्मा लावते, निळा टॉर्च धरते आणि पिपेटने प्रवाळ-पावडरीचा अर्धा थेंब पत्र्यावर सोडते. शुंडा (तोंडाभोवतीचे भक्ष्य पकडायचे हात) बाहेर येतील म्हणून वाट बघू नका, मला आजवर एकही दिसलेली नाही. पावडर चिकट पातळ पडद्यात अडकते आणि तो पडदा मुंगीच्या चालीने तोंडाकडे सरकतो. काल एका कणाला आठ मिलिमीटर जायला अकरा मिनिटं लागली. तोंड आधी रेघ होतं, मग बदामाएवढं रुंदावलं (बदाम अर्थात मुंगीच्या मापाचा) आणि कण गडप. लाल समुद्रातल्या लेप्टोसेरिस फ्रॅजिलिसच्या पोटाला सूक्ष्म भोकं असतात, असं श्लिश्टरनी १९९१मध्ये लिहिलं. पाणी तोंडातून आत, भोकांतून बाहेर, अन्न मागे. म्हणजे पोटच चाळणी. माझ्या भिंगातून अर्थातच काही दिसलं नाही.

आई व्हिडिओ कॉलवर होती तेव्हा हे चाललेलं. "अगं, मंगळाच्या अंगठीतलं पोवळं ते हेच का?" नाही आई. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, गुहांत आणि अंधाऱ्या कपारींत वाढणारं, त्याच्या पोटात शैवाल नसतंच. ते जे मिळेल ते पकडून खातं. "मग तुझं बरं, घरचं खातं," म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.

आता अडचण. निळा दिवा आणि रात्रीचं खाणं मी एकाच महिन्यात सुरू केलं, त्यामुळे केशरी नक्की कशाने आला हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच मागच्या नोंदीत इतरांना शिकवलं होतं. म्हणून आजोबांकडून दुसरा तुकडा मागितलाय. दोन्ही एकाच कपारीत, पार ४०, एकाला पावडर, एकाला नाही. आजोबा हो म्हणाले, पण पुढच्या रविवारी स्वतः येऊन तो तळाशी ठेवणार आहेत. माझ्यावर सोडायला तयार नाहीत.