एकशेष

परवा दुपारी भाचीचा फोन आला. तिची संस्कृतची परीक्षा जवळ आली आहे आणि "मामा, 'पितरौ' हा द्वंद्व समास म्हणून लिहिला तर गुण कापतील का?" असा तिचा प्रश्न होता. जेवणानंतर डोळ्यांवर झापड आलेली असताना व्याकरणाचे उत्तर छातीठोकपणे देण्याचे धाडस माझ्यात नाही. म्हणून संध्याकाळी सांगतो असे म्हणून मी फोन ठेवला आणि संस्कृत व्याकरणातील संज्ञांचा इंग्रजी कोश फळीवरून खाली काढला. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६१ साली प्रसिद्ध केलेला हा कोश माझ्याकडे वीस वर्षे तरी आहे. त्याची पाने पिवळी पडली आहेत आणि अडले-नडले की मी तो उघडतो. कोशकाराचे नाव अर्थातच कधी वाचत नाही. कोशकाराचे नाव कोण वाचतो? परवा मात्र पान उलटता उलटता नजर त्यावर थबकली : काशीनाथ वासुदेव अभ्यंकर.

हे अभ्यंकर म्हणजे 'जोशी-अभ्यंकर'मधले अभ्यंकर, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण मनात त्या दोन नोंदी दोन निरनिराळ्या फडताळांत पडून होत्या. एका फडताळात पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर करणाऱ्या वासुदेवशास्त्र्यांचा व्याकरणकार मुलगा होता आणि दुसऱ्यात पुण्यातील दहा खून. झोप अर्थातच उडाली.

माझ्या पिढीच्या पुणेकराला 'जोशी-अभ्यंकर' म्हटल्यावर पुढे काही सांगावे लागत नाही. १९७६ साली मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहत होतो आणि त्या वाड्याचा दिंडीदरवाजा रात्री नवापर्यंत सताड उघडा असे, कारण शेवटचा बिऱ्हाडकरू कामावरून परत येई तोच मुळी नवाला. दिवाळी नुकतीच उलटली होती. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी यांच्या घरातील तिघे मारले गेले आणि महिनाभराने, १ डिसेंबरला, भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या 'स्मृती' बंगल्यात एका रात्रीत पाच जण. आणीबाणीचे दिवस होते. छापून येणाऱ्या बातमीपेक्षा वाड्याच्या नळावर मिळणाऱ्या बातमीवर लोकांचा भरवसा अधिक होता, आणि नळावरची बातमी प्रत्येक हंड्यागणिक वाढत असे. संध्याकाळी सहानंतर रस्ते ओस पडत. आमचा दिंडीदरवाजा सातलाच बंद होऊ लागला, त्याला आतून आगळ, वर कडी, खाली खिट्टी, आणि नवाला येणाऱ्या त्या बिचाऱ्या बिऱ्हाडकरूला स्वतःचे नाव, कामाचे ठिकाण आणि बायकोचे माहेरचे आडनाव सांगितल्याशिवाय आत घेतले जात नसे.

मला आगळीपेक्षा दोरी जास्त आठवते. गच्चीवर कपडे वाळत घालायला आमच्याकडे निळी नायलॉनची दोरी होती. आजीला तिचा फार अभिमान, कारण ती पावसात कुजत नसे. एके सकाळी आजीने ती दोरी सोडली, गुंडाळली, आणि कुठे टाकली ते शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही. तिच्या जागी काथ्या बांधला. ओल्या धोतराच्या ओझ्याने तो काथ्या झोळीसारखा ओघळे, पांढऱ्या सदऱ्यांवर तांबूस रेघा उमटत आणि आई रोज पुटपुटे. मला कोणी कारण सांगितले नाही. गळे आवळायला खुन्यांनी नायलॉनची दोरी वापरली होती, हे मी मोठेपणी वाचले. आजीपर्यंत ते तेव्हा कसे पोचले असेल, याचे मात्र आजही आश्चर्य वाटते.

मार्च १९७७मध्ये एका तरुणाचे प्रेत नदीत सापडले आणि महिना संपता संपता चौघे पकडले गेले. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा. टिळक रस्त्यावरील कलामहाविद्यालयात चित्रकला शिकणारी मुले. पहिला बळी त्यांचाच महाविद्यालयातील सोबती होता; जानेवारी १९७६मध्ये त्याला मारून, पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात टाकले होते. पाचवा एक जण माफीचा साक्षीदार झाला. सप्टेंबर १९७८मध्ये सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. हे सारे लिहिताना मला एकही कागद पाहावा लागला नाही. ती चार नावे आम्ही शाळेत पाढ्यासारखी म्हणत होतो. मधल्या सुट्टीत डबे हिसकावणाऱ्या एका दांडगट मुलाचे नाव तर आम्ही जक्कलच ठेवले होते आणि तो त्या नावाला आनंदाने ओ देई.

खुनांच्या सत्यकथा वाचण्याची मला वाईट खोड आहे. त्या मी फक्त दुपारी वाचतो. सूर्य मावळला की वर्तमानपत्राचे ते पान उपडे घालून ठेवतो. या वाचनात एक गोष्ट मला फार पूर्वीपासून खटकत आली आहे, ती म्हणजे खटल्यांची बारशी. १९५९ साली आहुजा मारला गेला, पण खटला झाला नानावटीचा. मानवतच्या खुनांनी एका अख्ख्या गावाच्या कपाळी ते नाव लिहिले. मुंबईत १९६८ साली पकडलेल्या रामन राघवने पोटभर कोंबडी खाल्ल्याशिवाय कबुली दिली नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. त्याने झोपेत मारलेल्या झोपडपट्टीतल्या आणि फुटपाथवरच्या माणसांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही. त्या मानाने पुण्याने बरे केले असे मी मानत आलो होतो. कायद्याच्या पुस्तकांत जे व्हायचे ते होवो, तिथे आरोपीचेच नाव चालते. पण लोकांच्या तोंडी तरी मारणाऱ्यांऐवजी मेलेल्यांची नावे राहिली. सभ्य गाव, असे वाटून थोडी छातीही फुगत असे.

परवा तो कोश मांडीवर असताना या समाधानाला तडा गेला. ज्या गृहस्थांनी ऐंशी ओलांडलेल्या आयुष्याचा मोठा भाग शब्दाला शब्द कसा जोडला जातो, जोडताना त्यातले काय उरते आणि काय गळते, हे तपासण्यात घालवला, त्यांचे स्वतःचे नाव आम्ही एका जोडशब्दाचे उत्तरपद करून टाकले आहे, आणि ते उच्चारताना त्या पदाला काही अर्थ होता याची आठवणही आम्हाला होत नाही. शिवाय हा समास हिशेबालाही उतरत नाही. त्यात पदे दोन आणि माणसे दहा. तळ्यातल्या मुलाला त्यात जागा नाही, नदीतल्या तरुणाला नाही. 'अभ्यंकर' म्हणून आपण जे पाच जण मोजतो, त्यांत त्या घरी काम करणारी एक बाईही होती. ती अभ्यंकर नव्हती.

तिचे नाव मला आठवेना. बराच वेळ आठवून पाहिले, मग कपाटातली जुनी कात्रणे काढली. नाव होते, छापलेले होते, मी ते पूर्वी वाचलेलेही असणार, कारण त्याच ओळीच्या वर आणि खाली माझ्याच पेन्सिलीच्या खुणा होत्या. जक्कलच्या नावासाठी मला कपाट कधी उघडावे लागले नव्हते. कात्रणे परत ठेवताना हात थोडे जड झाले होते, एवढे नमूद करतो.

कोशातली नोंद पाहायची तशीच राहिली होती, ती दिवेलागणीला पाहिली आणि भाचीला फोन लावला. 'पितरौ' हा एकशेष, द्वंद्व नव्हे, असे सांगितले. माता आणि पिता असे दोघे सांगायचे असतात, पण 'पितृ' हा एकच शब्द शेष राहतो आणि त्याचे द्विवचन करतात.

"मग आई कुठे जाते?" तिने विचारले.

"अर्थात असते. शब्दात नसते."

"हे बरंय," ती म्हणाली. मग गुण नक्की कापत नाहीत ना, याची तिने दोनदा खात्री करून घेतली आणि फोन ठेवला.